समुद्रातले मंदिर कंपनीने बांधलेले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅरिबियन बेटांवरील सहकुटुंब सहलीविषयी आलेला सचित्र लेख आमच्या घरी तीनदा वाचला गेला. एकदा मी वाचला, एकदा सौ.ने वाचला आणि त्याची छायाचित्रे काढून पाठवल्यावर न्यू जर्सीत असलेल्या मुलाने वाचला. लेखातील समुद्राची छायाचित्रे देखणी आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु लेखात त्रिनिदादचे वर्णन 'लांबचा मॉरिशस' असे केले आहे, तेथील भारतीय वंशाच्या लोकांना 'आपलीच हरवलेली माणसे' म्हटले आहे, आणि वॉटर्लू येथील समुद्रातल्या पांढऱ्या मंदिराच्या छायाचित्राखाली 'ऊसमळ्याच्या कंपनीने मजुरांसाठी बांधून दिलेले मंदिर' अशी ओळ छापली आहे. पहिली दोन विधाने मी सोडूनही दिली असती. तिसरे मात्र नुसते चूक नाही, ते नेमके उलटे आहे, आणि ज्या माणसाने ते मंदिर बांधले त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्यासाठीच हे पत्र.

मी काही हिंडलेला माणूस नव्हे. कराडजवळच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे काढली. उतारा (म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते ते) आणि मळीतली साखर मोजता मोजता केस पांढरे झाले. साखर कारखान्यातल्या माणसाला सुट्टी हा प्रकार फारसा ठाऊक नसतो. दिवाळीच्या सुमारास गळीत सुरू झाले की उन्हाळ्यापर्यंत मान वर करता येत नाही, आणि हंगाम संपला की दुरुस्तीची कामे निघतात. नातेवाइकांची लग्ने, वर्षातून एकदा नरसोबाची वाडी आणि मुलाच्या लहानपणी दोन वेळा गणपतीपुळे, एवढाच आमचा प्रवास. त्यामुळे २०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता, मुलगा, सून आणि दोन नातवंडे असे सहाजण त्रिनिदादला गेलो, ती एक कुटुंब म्हणून आम्ही सर्वांनी मिळून घेतलेली पहिली सुट्टी होती. आम्ही तेव्हा मुलाकडे राहायला गेलो होतो आणि न्यूयॉर्कहून पोर्ट ऑफ स्पेनचे विमान पाच तासांचे आहे, म्हणून हे जमले.

बेट निवडले मी, आणि त्याचे कारण बाळबोध होते. १९७१ साली मी शाळेत होतो. अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला त्यांच्याच घरी पहिल्यांदा हरवले ते पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर, मार्च महिन्यात. सुनील गावसकरांचा तो पहिला कसोटी सामना, ६५ आणि नाबाद ६७. मूळच्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंचे ११२. एप्रिलमध्ये त्याच मैदानावर गावसकरांनी एका डावात १२४ आणि दुसऱ्यात २२० केले. या बातम्यांची कात्रणे मी भूगोलाच्या जुन्या वहीत खळीने चिकटवली होती, आणि ती वही अजून आहे. नातवंडांना समुद्र हवा होता, सुनेला स्वयंपाकघरापासून सुटका हवी होती, सौ.ला मासळीचा वास नसलेले कुठलेही ठिकाण चालणार होते. मुलाने सगळ्यांचे मन राखून चार दिवस त्रिनिदाद आणि तीन दिवस त्याच देशातले टोबॅगो बेट असा बेत आखला. ओव्हलवर रखवालदाराने आम्हाला पाच मिनिटांसाठी आत सोडले. रिकामे मैदान, एका बाजूला डोंगर, पाणी मारणारा एक मनुष्य. मी खेळपट्टीकडे बघत उभा राहिलो आणि नातू विचारत राहिला की आता बीचवर कधी जायचे.

आता 'आपलीच हरवलेली माणसे' याविषयी. हा शब्दप्रयोग लेखकाने प्रेमाने वापरला असेल, पण त्याच प्रेमापोटी पहिल्याच दिवशी मी जी चूक केली, ती सांगितल्यावाचून मला त्यांना दोष देता येणार नाही. विमानतळावरून आम्हाला घेऊन जाणारा चालक आफ्रिकी वंशाचा, माझ्या मुलाच्या वयाचा. तेथे वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात. रस्त्याच्या कडेला पुई नावाची झाडे पिवळ्या फुलांनी लगडलेली होती, आपला बहावा फुलावा तशी. मध्येच एखाद्या घराच्या अंगणात कोपऱ्याला चार-सहा उंच कळकाच्या काठ्या रोवलेल्या आणि त्यांच्या टोकांना लाल, पिवळी, पांढरी तिकोनी फडकी. पूजा झाली की अशी 'झंडी' उभी करण्याची तेथील हिंदूंची पद्धत आहे, आणि जुनी फडकी उन्हापावसाने विरून जाईपर्यंत तशीच राहू देतात. गुढीपाडवा नुकताच होऊन गेलेला असल्याने मला भरून आले आणि मी उत्साहाने त्या चालकाला विचारले, की आमची माणसे कोणत्या भागात राहतात? त्याने आरशातून माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाला, "माझ्या नानीचे घर कूव्हाला आहे. तिला तुमच्यात धरायचे की नाही?" 'नानी' हाच शब्द त्याने वापरला. गाडीत कोणी काही बोलले नाही. सुनेने पुढे बराच वेळ खिडकीबाहेर पाहणे पसंत केले.

संपादक महोदय, त्या देशात भारतीय वंशाचे लोक साधारण एक तृतीयांशाहून थोडे अधिक आहेत, आफ्रिकी वंशाचेही जवळपास तितकेच, आणि उरलेल्यांत मिश्र वंशाचे लोक पुष्कळ आहेत. दिवाळीची सुट्टी सर्वांना असते आणि कार्निव्हलही सर्वांचा असतो. तेलाच्या पिंपांपासून घडवलेले स्टीलपॅन हे तेथले राष्ट्रीय वाद्य मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या गरीब वस्त्यांत जन्माला आले, पण ते वाजवणाऱ्यांत आज सगळ्या वंशांची मुले दिसतात. बासदेव पांडे १९९५ मध्ये आणि कमला प्रसाद-बिसेसर २०१० मध्ये तेथे पंतप्रधान झाल्या, तेव्हा आपल्याकडील वर्तमानपत्रांना मोठा आनंद झाला होता. पण ते दोघे निवडून आले ते त्यांच्या स्वतःच्या देशाचे राजकारण करून. तेथे कोणी हरवलेले नाही. आपापला पत्ता सर्वांना नीट ठाऊक आहे.

हे म्हणताना तेथे ओळखीचे काही सापडत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. उलट इतके सापडते की माणूस गोंधळतो. सकाळी रस्त्याच्या कडेला 'डबल्स' विकणारे उभे असतात. हळद घातलेल्या मऊ तळलेल्या दोन लहान पुऱ्या, त्यांना ते 'बारा' म्हणतात, आणि त्यांत पातळसर छोल्यांची उसळ, वर चिंचेची चटणी, काकडी आणि तिखट. विक्रेता एका हाताने कागद धरतो, दुसऱ्या हाताने बारा टाकतो, चमचा फिरवतो आणि कागदाची टोके पिळून पुडी हातात देतो. हे सगळे होईपर्यंत आपले सुटे पैसेही मोजून होत नाहीत. तो एकच प्रश्न विचारतो, तिखट किती? 'स्लाइट' म्हणावे. मुलाने कोल्हापुरी ऐटीत भरपूर सांगितले आणि पुढचा अर्धा तास तो नारळपाणी पीत होता. गिऱ्हाइकांच्या घोळक्यात ऑफिसला निघालेले, पोलीस, शाळेची मुले, सगळ्या रंगांची माणसे उभ्याने खात होती. हा पदार्थ १९३०च्या दशकात दक्षिणेकडील प्रिन्सेस टाउन भागात निघाला असे सांगतात. भारतात तो कुठेच मिळत नाही. म्हणजे तो 'जपून ठेवलेला' नाही, तेथे बनवलेला आहे.

दुसऱ्या दिवशी ला ब्रे येथील डांबराचे तळे पाहून परतताना डेबे या गावी थांबलो. (शंभर एकरांच्या आसपास पसरलेले हे नैसर्गिक डांबराचे तळे नातवाला फार आवडले, कारण त्यावरून चालता येते आणि बूट खराब झाले तरी कोणी रागावत नाही.) डेबेच्या रस्त्यालगत सहीना, फुलौरी, आलू पाय (इंग्रजीतला 'पाय', म्हणजे बटाटा भरून तळलेला पदार्थ) विकणाऱ्या दुकानांची रांग आहे. सहीना म्हणजे अळूच्या पानांना डाळीचे पीठ लावून, वळकटी करून, कापून तळलेले काप. सौ.ने एक काप हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि दुकानातल्या वृद्ध बाईंना आनंदाने म्हणाली, "अळू!" बाईंनी लगेच बटाट्याचा पाय उचलून दिला, कारण तेथे आलू म्हणजे बटाटाच. पुन्हा एकदा "अळू", पुन्हा एकदा बटाटा. शेवटी सौ.ने हवेत पान काढून दाखवले, देठ दाखवला, शिरा सोलण्याची खूण केली आणि स्वतःचा गळा खाजवून दाखवला. तेव्हा कुठे त्या बाई खो खो हसल्या आणि त्यांनी चिंचेच्या चटणीच्या बाटलीकडे बोट केले. खाज सुटू नये म्हणून चिंच, हे दोघींना एकमेकींची भाषा न येता कळले. त्यांच्या भाषेत त्या पानाला 'डशीन' म्हणतात.

तेवढ्यात धाकट्या नातीने मागून हाक मारली, "आजी, मला पण!" आणि त्या बाईंनी चटकन मागे वळून पाहिले. त्यांचीही नातवंडे त्यांना 'आजी'च म्हणतात. तेथे बापाच्या आईला आजी, बापाच्या बापाला आजा आणि आईच्या आईला नानी म्हणतात. हे शब्द भोजपुरीतून गेले. मराठीशी त्यांचे नाते इतकेच की दोन्ही भाषांचे मूळ एक. बाईंना याखेरीज भोजपुरी येत नव्हती, हिंदीही नव्हती. लग्नातली गाणी, पूजेतले शब्द, भाज्यांची आणि मसाल्यांची नावे एवढीच ती भाषा आता तेथे उरली आहे, आणि घराघरांतले बोलणे त्यांच्या स्वतःच्या वळणाच्या इंग्रजीत चालते. आमच्याशी हिंदीत बोलून पाहणारा एक मनुष्य आम्हाला भेटला, त्याने ती चित्रपटांतून उचलली होती.

मॉरिशसची तुलना अपुरी का, हेही येथेच सांगतो. मॉरिशसला मुंबई बंदरातून मराठी मजूर गेले होते आणि त्यांच्या वंशजांनी मराठी शाळा आणि मंडळे चालवली, म्हणून तेथे मराठी माणसाला घरी आल्यासारखे वाटणे साहजिक आहे. त्रिनिदादला लोक गेले ते बहुतांशी कलकत्त्याहून, आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारच्या जिल्ह्यांतून, आणि काही मद्रासहून. 'फतेल रझाक' हे जहाज दोनशेहून अधिक लोकांना घेऊन तीन महिन्यांवर समुद्रात राहून ३० मे १८४५ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला पोहोचले. तो दिवस तेथे आता सार्वजनिक सुट्टीचा आहे. गुलामगिरी कायद्याने १८३४ मध्ये आणि प्रत्यक्षात १८३८ मध्ये संपली, मुक्त झालेल्या आफ्रिकी लोकांनी मळेवाल्यांच्या अटींवर राबायला नकार दिला, आणि ऊस तर उभा होता. म्हणून भारतातून माणसे आणली. १९१७ पर्यंत जवळपास दीड लाख.

या विषयावर मी साखर कारखान्यातला मनुष्य म्हणून थोडे अधिक बोलतो, त्याबद्दल क्षमस्व. पाच वर्षांचा करार, मुकादमाच्या जागी 'सरदार', राहायला गुलामांच्या वेळच्या किंवा त्याच धर्तीच्या बराकी, मळ्याबाहेर जायचे तर परवाना, आणि कामावर न आल्यास नुसती मजुरी कापणे नव्हे तर तुरुंग. परतीचा प्रवास मिळायचा तो एकूण दहा वर्षे बेटावर काढल्यावर, आणि पुढे पुढे तर त्याऐवजी जमिनीचा तुकडा देऊ केला गेला. बहुतेक लोक परतलेच नाहीत. हे वाचताना मला आमच्या कारखान्याच्या गेटाबाहेरचा तळ आठवला. बीडहून आलेल्या तोडणीच्या टोळ्या, मुकादमाने दिवाळीआधी दिलेली उचल, ती फिटेपर्यंत न सुटणारे जोडपे, ज्याला हिशेबात 'एक कोयता' म्हणतात, पाचट घातलेल्या कोप्या आणि पहाटे बैलगाडीत झोपलेली मुले. दोन्ही गोष्टी एक नाहीत, हे मला समजते. बीडच्या जोडप्याला हंगाम संपला की घर आहे आणि मधे समुद्र नाही. पण उतारा मोजणाऱ्या माझ्यासारख्यांना त्या कोप्या चौतीस वर्षे खिडकीतून दिसत होत्या आणि आम्ही टक्केवारी लिहीत होतो, हेही खरे आहे. त्रिनिदादमध्ये जाऊन मला ते आठवावे लागले, याची मला जरा लाज वाटली.

गंमत अशी की ज्या उसासाठी हे सारे घडले, तो ऊस आता तेथे नाही. सरकारी मालकीची कॅरोनी कंपनी २००३ मध्ये बंद करण्यात आली, हजारो कामगार घरी गेले आणि आणखी चार वर्षांनी साखर निघणेही थांबले. चागुआनासच्या पुढे महामार्गाच्या दोन्ही बाजूंना रानटी झालेला, वाळका, कोणी न तोडलेला ऊस मधूनमधून दिसतो. ज्या जमिनी मोकळ्या झाल्या त्यांवर घरे उठली आहेत. मी गाडी थांबवून एक कांडे मोडून पाहिले, आणि मुलगा म्हणाला, "बाबा, आपण सुट्टीवर आहोत." हॉटेलात न्याहारीच्या टेबलावर साखरेच्या पुड्या होत्या, त्यांवर दुसऱ्याच देशाचे नाव होते.

आता मंदिराकडे येतो. त्याच पश्चिम किनाऱ्यावर वॉटर्लू नावाचे गाव आहे. शिवदास साधू हा तेथील ऊसमळ्यात राबणारा मजूर. त्याने १९४७ मध्ये किनाऱ्यावर एक लहानसे मंदिर बांधले. जागा साखर कंपनीची होती. कंपनीने ते पाडायला सांगितले, तो ऐकेना. प्रकरण कोर्टात गेले, १९५२ मध्ये मंदिर पाडले गेले, आणि त्याला चौदा दिवस तुरुंग आणि वर दंड झाला. सुटून आल्यावर त्याने असे ठरवले की जमीन कंपनीची असेल, समुद्र तर कोणाचा नाही. मग ओहोटीच्या वेळी सायकलवरून दगड, वाळू, सिमेंट न्यायचे, तेलाच्या रिकाम्या पिंपांत काँक्रीट भरायचे आणि ती चिखलात एकामागे एक रोवत जायचे, असे त्याने पुढे अनेक वर्षे केले. लोक हसत होते, काही मदतही करत होते. तो वारला तेव्हा काम पुरे झालेले नव्हते, आणि पुढे लाटांनी बरेचसे खचवले. पहिल्या जहाजाला दीडशे वर्षे झाली त्या निमित्ताने, १९९५ च्या सुमारास सरकारने ते नव्याने बांधून पूर्ण केले. आज दिसते ते अष्टकोनी पांढरे मंदिर आणि त्याच्याकडे जाणारी दगडी वाट ही त्या वेळची.

आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. दोन्ही बाजूंना करड्या चिखलाचा सपाट पट्टा, त्यात चोची खुपसत चालणारे पक्षी, आणि वाटेच्या दोन्ही कडांना बांबूंवर झंडी. किनाऱ्यालगत स्मशानघाट आहे. त्या दिवशी एक चिता जळून गेलेली होती आणि पांढरे कपडे घातलेली चार-पाच माणसे राखेजवळ उकिडवी बसली होती. शिवदास साधूचा पुतळा वाटेच्या तोंडाशीच आहे. मुलगा न्यू जर्सीत बांधकामाचे हिशेब करतो. त्याने आपल्या सवयीने ती वाट पावलांनी मोजली, मग एका सायकलवर एका फेरीत किती ओझे जाईल याचा अंदाज केला, आणि मग बोलणे सोडून दिले. सौ.ने देवाला हात जोडले आणि परत येताना पुतळ्यालाही जोडले. नातीला मात्र एवढेच कळले होते की एका आजोबांना देऊळ बांधले म्हणून पोलिसांनी धरून नेले, आणि हे कसे असू शकते याचे उत्तर तिने परतीच्या वाटेवर सहाही दिशांनी मागितले.

तेथून जवळच कॅरापिचाइमा येथे दत्तात्रेयाचे मंदिर आणि पंच्याऐंशी फूट उंच हनुमानाची मूर्ती आहे. दत्ताचे नाव ऐकून सौ. हरखली. मंदिर म्हैसूरच्या स्वामींच्या परंपरेतले, बांधणी दाक्षिणात्य. वाडीचा मळवटलेला काळा पाषाण आणि कृष्णेचा घाट शोधणाऱ्याला तेथे काही सापडणार नाही, पण शांत जागा आहे.

कॅरोनीच्या खारफुटीत संध्याकाळी होडीतून नेतात ते प्रत्येकाने पाहावे, असे मी म्हणेन. लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे एकामागून एक येऊन हिरव्या बेटावर बसतात आणि अंधार पडेपर्यंत ते झाड रक्तचंदनाने माखल्यासारखे होते. ते खातात त्या खेकड्या-कोळंब्यांमुळे त्यांना तो रंग येतो. टोबॅगोबद्दल आपल्या लेखात पुरेसे आले आहे. पिजन पॉइंट, बक्कूचे प्रवाळ, कमरेइतक्या खोल, स्वच्छ पाण्याचे नायलॉन पूल, हे सर्व तसेच आहे आणि नातवंडांची सुट्टी खऱ्या अर्थाने तेथेच झाली. त्यात मला भर घालायची नाही. फक्त तेथील मेन रिज हे जंगल १७७६ पासून कायद्याने राखलेले आहे, पावसासाठी झाडे हवीत एवढ्या एका विचाराने. ते आपल्या लेखकाच्या नजरेतून सुटले.

दोन व्यवहाराच्या गोष्टी लेखात असायलाच हव्या होत्या. पहिली पीतज्वराची (यलो फीव्हर). भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद हे पीतज्वराचा धोका असलेले ठिकाण आहे. तेथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रवाशाकडे लस घेतल्याचा दाखला नसेल, तर त्याला विमानतळावरून सरळ विलगीकरणात नेता येते. लस अधिकृत केंद्रावरच घ्यावी लागते आणि ती घेतल्यानंतर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो. एकदा घेतला की तो जन्मभर चालतो. आमची मुंबईची तिकिटे त्रिनिदादहून परतल्यावर तिसऱ्या दिवशीची होती. सहलीची तजवीज करणाऱ्या मध्यस्थाने याबद्दल एक अक्षर सांगितले नाही. निघायच्या पाच दिवस आधी सुनेच्या एका सहकारी बाईंनी बोलता बोलता विचारले म्हणून कळले. साठीनंतर ही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नसते, म्हणून आम्ही भारताची तिकिटेच दहा दिवस पुढे ढकलली. त्याचे चारशे डॉलर भरताना मुलाचा चेहरा मी पाहिला आहे. आपल्या लेखात 'मुंबईहून जा आणि थेट मुंबईला परत या' असा बेत सुचवला आहे, तेव्हा हा मजकूर चौकटीत देणे अत्यावश्यक होते.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. पोर्ट ऑफ स्पेनच्या काही भागांत अंधार पडल्यावर पायी फिरू नये, असे आम्हाला हॉटेलातल्या बाईंनीच बजावले. डिसेंबर २०२४ मध्ये तेथील सरकारला वाढत्या गुन्हेगारीमुळे आणीबाणी पुकारावी लागली होती. आम्हाला स्वतःला काही त्रास झाला नाही आणि जाऊ नका असे मी कोणाला सांगणार नाही. पण 'रात्री मनसोक्त भटका' हा सल्ला लहान मुले बरोबर असणाऱ्यांना देऊ नये.

राहता राहिली ती छायाचित्राखालची ओळ. दुरुस्ती छापताना जागा कमी असते, याची मला कल्पना आहे, म्हणून चार ओळींत बसेल असा मजकूर मीच लिहून पाठवतो: "वॉटर्लू, त्रिनिदाद येथील समुद्रातील मंदिर. ऊसमळ्यातील मजूर शिवदास साधू यांनी किनाऱ्यावर बांधलेले पहिले मंदिर साखर कंपनीच्या जागेवर असल्याने पाडण्यात आले व त्यांना तुरुंगवास झाला. त्यानंतर त्यांनी सायकलवरून सामान नेऊन हे समुद्रात बांधायला घेतले; १९९५ च्या सुमारास सरकारने ते नव्याने बांधून पूर्ण केले. कंपनीने बांधल्याचा उल्लेख नजरचुकीने झाला होता."

कळावे, लोभ असावा.

आपला वाचक,
एक निवृत्त केमिस्ट, साखर कारखाना
कराड, जि. सातारा